छाया किती, प्रकाश किती?

जुन्या फोटोंविषयीं घरोघरीं दोन तक्रारी ऐकूं येतात. एका फोटोकडे पाहून कोणी म्हणतें, "अगदींच फिक्कट आला आहे, कांहीं उठाव नाहीं." दुसऱ्याकडे पाहून म्हणतें, "चेहरा पिठासारखा पांढरा आणि कोट कोळशासारखा काळा. मधें कांहीं नाहींच." वरवर पाहतां ह्या तक्रारी परस्परविरुद्ध वाटतात, वस्तुतः दोहोंचें मूळ एकच आहे. फोटोग्राफीचा धंदा करणारे त्यास 'कॉन्ट्रास्ट' म्हणतात. आम्ही ह्या लेखांत 'उठाव' हा घरगुती शब्दच वापरणार आहों. चित्रांतील सर्वांत उजळ भाग आणि सर्वांत गडद भाग ह्यांमधील अंतर, आणि त्या अंतरांत मधल्या छटांची झालेली वांटणी, म्हणजे उठाव. गालावरची सुरकुती, लुगड्याचा पोत, दाराआडचा अंधूक कोपरा हें सारें ह्या मधल्या छटांतच रहात असतें. उठाव फार झाला कीं त्यांतील पुष्कळसें नाहींसें होतें. फार कमी झाला कीं सर्व कांहीं असूनही डोळ्यांस कांहींच लागत नाहीं.

गेलीं कांहीं वर्षें प्लॅटिनम व पॅलेडियम ह्या मौल्यवान धातूंच्या फोटोप्रती हातानें काढण्याचा छंद आम्हांस जडला आहे. ह्या छंदांत उठाव हाताशीं कसा धरावा हा प्रश्न रोजचाच; परंतु आमच्या घरांतील एका कांचेमुळें तो प्रश्न केवळ कारागिरीचा राहिला नाहीं. ती हकीकत पुढें येईलच. प्रथम ह्या प्रती म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

आपल्या माहितीचा काळापांढरा फोटो चांदीचा असतो. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरांत चांदीचे सूक्ष्म कण असतात. प्लॅटिनमच्या प्रतींत असा थर नसतो. साध्या, उत्तम प्रतीच्या कागदावर द्रावण ब्रशानें लावावयाचें. तें कागदाच्या तंतूंत मुरतें आणि चित्र कागदावर न बसतां कागदांत बसतें. त्यामुळें त्यास चकाकी नसते. त्यांतील काळा रंग चकचकीत कागदाइतका गडदही नसतो. परंतु मधल्या छटा मात्र इतक्या सलग उतरतात कीं एक कोठें संपली आणि दुसरी कोठें सुरू झाली हें सांगतां येऊं नये. शिवाय प्लॅटिनम हा धातु सहसा कशाशींही संयोग पावत नाहीं. म्हणून कागद टिकेल तोंवर चित्र टिकतें. एक गंमतीची गोष्ट अशी कीं, अशी प्रत पुस्तकांत वर्षानुवर्षें मिटून ठेवली, तर समोरच्या पानावर तिची पिवळसर सावली उमटते. धातु स्वतः बदलत नाहीं, पण शेजारच्या कागदास पिकवितो!

ह्यांत नवल वाटण्यासारखी गोष्ट ही कीं, प्रकाशाचा परिणाम येथें प्लॅटिनमवर मुळींच घडवावयाचा नसतो. तो लोहावर घडवावयाचा असतो. सर जॉन हर्शेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४२ सालीं लोहाच्या क्षारांचा उपयोग करून निळ्या प्रतींची पद्धति काढली, ती पुढें इंजिनियरांच्या नकाशांमुळें सर्वांच्या परिचयाची झाली. त्याच तत्त्वावर विल्यम विलिस ह्या गृहस्थानें १८७३ सालीं प्लॅटिनमच्या पद्धतीचें पेटंट घेतलें, आणि १८७९ सालीं प्लॅटिनोटाइप कंपनी निघाली. कागदावर फेरिक ऑक्झलेट हा लोहाचा क्षार व प्लॅटिनमचा क्षार एकत्र लावतात. निगेटिव्हच्या ज्या भागांतून प्रकाश येईल तेथील फेरिक लोहाचें फेरस लोह बनतें. नंतर कागद पोटॅशियम ऑक्झलेटच्या पाण्यांत घातला कीं हें फेरस लोह विरघळतें आणि विरघळतां विरघळतां शेजारच्या प्लॅटिनमच्या क्षारांतून शुद्ध धातु मोकळा करतें. शेवटीं उरलेलें लोह सौम्य आम्लानें धुवून काढावयाचें. लोहानें मध्यस्थी करावी, धातूस जागेवर बसवावें आणि आपण निघून जावें, असा हा व्यवहार आहे.

पॅलेडियम हा प्लॅटिनमचा धाकटा भाऊ. त्याच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. विल्यम वोलास्टन ह्या लंडनच्या शास्त्रज्ञास हा धातु सांपडला. पण त्यानें तो शोध सभेंत जाहीर न करतां १८०३ सालीं निनांवी पत्रकें वांटून सोहो भागांतील एका दुकानांत 'नवी चांदी' म्हणून विक्रीस ठेवला. एका नामांकित रसायनशास्त्रज्ञानें हा नवा धातु नसून प्लॅटिनम व पारा ह्यांचें मिश्रण असल्याचें ठासून सांगितलें. मग वोलास्टननें, पुन्हां निनांवीच, असें मिश्रण करून दाखविणारास वीस पौंडांचें बक्षीस लाविलें. तें कोणासच मिळालें नाहीं, आणि १८०५ सालीं त्यानें आपलें नांव उघड केलें. ह्या धाकट्या भावास फोटोग्राफींत संधि मिळाली ती पहिल्या महायुद्धामुळें. त्या वेळीं जगांतील बहुतेक प्लॅटिनम रशियांतील उरल पर्वतांतून येई, आणि स्फोटक द्रव्यांस लागणारीं आम्लें तयार करण्यास तें अवश्य असल्यानें त्याचा भाव भडकला. तेव्हां कंपनीनें पॅलेडियमचा कागद काढला. इंग्लंडमधील प्रार्थनामंदिरांचे अपूर्व फोटो घेणारा फ्रेडरिक एव्हन्स ह्यास मात्र प्लॅटिनमशिवाय दुसरें कांहीं रुचेना, आणि त्यानें छायाचित्रणच सोडलें. वेल्स येथील मंदिराच्या झिजलेल्या पायऱ्यांचें त्याचें १९०३ चें चित्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस त्याच्या हट्टाचा राग येणार नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे तयार कागद बाजारांतून नाहींसे झाले. आज प्रत काढणाराच आपला कागद स्वतः तयार करतो. अर्थात् उठावाची जबाबदारीही त्याच्यावरच येऊन पडते. चांदीच्या कागदांत मऊ, मध्यम, कडक असे क्रमांक असत. आपल्या निगेटिव्हला साजेसा क्रमांक दुकानांतून आणला कीं झालें. येथें तसा क्रमांक नाहीं. शिवाय आणखी एक अडचण आहे. चांदीची प्रत मंद लाल उजेडांत हळूहळू उमलत येते, तेव्हां डोळ्यांनीं पाहून तिला कमीअधिक वेळ ठेवतां येतें. प्लॅटिनमची प्रत पाण्यांत पडतांच क्षणार्धांत पूर्ण होते. मधें थांबवितां येत नाहीं, पुढें रेटतां येत नाहीं. जें कांहीं ठरवावयाचें तें आधींच ठरवून ठेवावें लागतें.

ह्या 'आधीं ठरविण्या'च्या प्रश्नावरून एका मोठ्या कलावंताची श्रद्धा डळमळली होती. पीटर हेन्री एमर्सन ह्यानें १८८६ सालीं नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशांतील जीवनावर चाळीस प्लॅटिनम प्रतींचें एक सुंदर पुस्तक प्रसिद्ध केलें. निसर्ग डोळ्यांस जसा दिसतो तसा, मऊ छटांत दाखविण्यास प्लॅटिनमसारखें साधन नाहीं, असा त्याचा आग्रह होता. आणि निगेटिव्ह धुतांना कलावंतास छटांचें परस्परप्रमाण हवें तसें बदलतां येतें, ह्या विश्वासावर त्यानें फोटोग्राफीस ललितकलेचें आसन दिलें होतें. १८९० सालीं हर्टर व ड्रिफील्ड ह्या दोन रसायनतज्ज्ञांनीं मोजमापें घेऊन दाखविलें कीं, धुण्याचा काळ वाढविल्यानें एकंदर उठाव वाढतो, परंतु छटांमधील प्रमाण मनास येईल तसें फिरवितां येत नाहीं. ह्या व इतर कांहीं कारणांनीं एमर्सननें लौकरच काळ्या कडांची एक पुस्तिका छापून आपलें मत जाहीरपणें मागें घेतलें. फोटोग्राफी ही ललितकला नव्हे, असें तो म्हणूं लागला. आम्हांस वाटतें, त्यानें घाई केली. आपल्या हातांत सर्व कांहीं नाहीं, एवढ्यावरून आपल्या हातांत कांहींच नाहीं असें होत नाहीं. सतारीच्या तारा कोणत्या प्रमाणांत वाजाव्यात हें निसर्गानें ठरवून दिलें आहे. तरी सतार लावणारा लागतोच.

असो. आतां घरच्या कांचेकडे वळूं.

आमचे आजोबा पुण्यास शिक्षक होते आणि त्यांस कॅमेऱ्याचा नाद होता. त्यांनीं घेतलेल्या फोटोंच्या प्रती आमच्या वाड्याच्या माजघरांत लावलेल्या होत्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पुष्कळ घरांप्रमाणें आमच्याही घरांत पाणी शिरलें. माजघरांतील सर्व फोटो त्या पाण्यांत गेले. त्यांत आमच्या आजीचा एकुलता एक फोटोही गेला. मूळ कांचा मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेंत होत्या म्हणून वांचल्या. पुढें वाड्याची वांटणी झाली, ट्रंक एका चुलत्यांकडे गेली, आणि त्यांचें घर रिकामें करतांना ती आमच्याकडे आली. त्यांत दोन कांचा हाफ प्लेट आकाराच्या होत्या. एकीवर आजोबांची विद्यार्थीदशेंतील मूर्ति, कोणा स्टुडिओंत घेतलेली. दुसरीच्या पाकिटावर आजोबांच्या मोडी अक्षरांत एवढेंच लिहिलें होतें: 'पडवी, १९३५.' ती कांच आजीची.

आमची आत्या आतां नव्वदी ओलांडून गेली आहे. ती तीन वर्षांची असतांना आजी वारली. आईचा चेहरा तिनें पाहिला तो माजघरांतल्या फोटोंतच, आणि तो फोटो जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. कांच सांपडल्याचें कळतांच ती म्हणाली, "अरे, मला आतां तो चेहरा आठवत नाहीं. फोटो होता एवढेंच आठवतें. लौकर काढ म्हणजे झालें."

दोन्ही कांचा उजेडासमोर धरतांच त्यांतील फरक ध्यानांत आला. आजोबांची कांच भरदार, दाट होती. त्या काळचे पुष्कळ स्टुडिओवाले उन्हांत छापण्याच्या कागदासाठीं कांच मुद्दाम दाट धुवीत. आधुनिक चांदीच्या कागदास अशी कांच झेपत नाहीं. त्यास निगेटिव्हच्या विरळ व दाट भागांतून येणाऱ्या प्रकाशांत दहाबारा पटींचें अंतर असलें म्हणजे पुरतें. पॅलेडियमला साठ पटींच्या घरांतील अंतर सहज पचतें, किंबहुना तेवढें लागतेंच. त्यामुळें आजोबांची प्रत कांहींही न करतां सुरेख आली. आजीची कांच मात्र अगदीं विरळ होती. पडवींतला उजेड कमी, बसलेल्या बाईस अवघडल्यासारखें झालेलें, फोटो घाईनें घेतलेला. मागें उघडें दार, अंगावर गडद लुगडें, एका बाजूस उन्हानें उजळलेली भिंत. सर्व छटा एकमेकींस चिकटून बसलेल्या. अंतर जेमतेम दहा पटींचें.

अशा कांचेची साधी पॅलेडियम प्रत काढली तेव्हां राखेंत बोटानें चित्र काढावें तसें दिसूं लागलें. भिंत राखाडी, चेहरा राखाडी, लुगडें थोडें अधिक राखाडी. परंतु बारकाईनें पाहिलें असतां दाराआडच्या अंधारांत जातें दिसत होतें, त्याचा खुंटासुद्धां दिसत होता.

आतां उठाव वाढवावयाचा कसा? पहिला उपाय निगेटिव्हचाच. रसायनानें ती दाट करतां येते. जाणकार सांगतात कीं उठावाचें खरें नियंत्रण निगेटिव्हमध्येंच करावें, प्रतीमध्यें फक्त डागडुजी करावी. आणि तें खरेंच आहे. परंतु कांच एक, तिच्या कडेचा थर सुटूं लागलेला. तिला पाणी लावण्यास आमचा हात धजेना. तेव्हां सर्व उपाय प्रतींतच करणें भाग होतें.

दुसरा उपाय धातूंच्या प्रमाणाचा. पॅलेडियम मऊ व उबदार तपकिरी. प्लॅटिनम थोडें अधिक करारी व थंड छटेचें. दोन्ही मिसळल्यानें थोडा फरक पडतो, पण तो मिठाच्या चिमटीएवढा. तिसरा उपाय धुण्याच्या पाण्याचा. पाणी गरम असेल तर छटा उबदार व चित्र मऊ होतें. थंड असेल तर उलट. हाही उपाय मर्यादित. शिवाय हवेंतील ओल मधें येते. एप्रिलांत पुण्याची हवा कोरडी ठणठणीत असतां कागद जें चित्र देतो, तेंच जुलैंत देत नाहीं. म्हणून तुलना करावयाची तर एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि उन्हाऐवजीं ठराविक दिव्यांच्या पेटींत प्रत घ्यावी, असा आमचा नियम आहे.

चौथा उपाय जुना व नांवाजलेला. लोहाच्या द्रावणाच्या दोन बाटल्या ठेवावयाच्या. एकींत साधें फेरिक ऑक्झलेट, दुसरींत तेंच, पण किंचित् पोटॅशियम क्लोरेट घातलेलें. हाफ प्लेटला साधारण दहा थेंब लोहाचे व दहा थेंब धातूच्या क्षाराचे लागतात. लोहाच्या दहा थेंबांपैकीं किती ह्या बाटलींतून आणि किती त्या बाटलींतून घ्यावयाचे, ह्यावर उठाव ठरतो. क्लोरेट काय करतें? प्रकाशानें जें फेरस लोह तयार झालें, त्यांतील थोडेंसें तें पुन्हां पूर्वस्थितीस नेतें.

हें घरपट्टीच्या उदाहरणानें सहज समजेल. समजा, गांवांत एकाजवळ पांच रुपये, दुसऱ्याजवळ वीस, तिसऱ्याजवळ पन्नास आहेत. म्हणजे पहिल्यांत आणि तिसऱ्यांत दहा पटींचें अंतर. आतां सर्वांवर सरसकट चार रुपये पट्टी बसविली. पहिल्याजवळ एक रुपया उरला, दुसऱ्याजवळ सोळा, तिसऱ्याजवळ शेहेचाळीस. अंतर दहा पटींचें शेहेचाळीस पटींवर गेलें! श्रीमंतास पट्टी जाणवलीच नाहीं आणि गरीब पार धुवून निघाला. राज्यकारभारांत असल्या पट्टीस आपण अन्याय म्हणूं. कागदावर मात्र तिच्यामुळेंच उजळ भाग स्वच्छ होतात आणि चित्र उठून दिसतें. पण पट्टीमुळें सर्वांचीच जमा घटते. ती भरून काढण्यास प्रकाश अधिक वेळ द्यावा लागतो, आणि तो दिला कीं आधींच श्रीमंत असलेल्या गडद छटा कागदाच्या मर्यादेस जाऊन आदळतात. तेथें मग पंचेचाळीस आणि पन्नास ह्यांतला भेद उरत नाहीं, सर्व काळें. क्लोरेट फार झालें तर चित्र रवाळही होतें.

पांचवा उपाय पोटॅशियम डायक्रोमेटचे थेंब धुण्याच्या पाण्यांत टाकण्याचा. तो गुणकारी आहे, परंतु तें द्रव्य भयंकर विषारी व कर्करोगास कारण होणारें असल्यानें मुलाबाळांच्या घरांत आम्ही तें आणीतच नाहीं. सहावा उपाय अलीकडे विशेष प्रचारांत आहे. पॅलेडियमच्या द्रावणांत सोडियम क्लोरोप्लॅटिनेट ह्या क्षाराचा एकच थेंब टाकावयाचा. त्या थेंबाची तीव्रता कमीअधिक करून उठाव ठरवावयाचा. हाही पट्टी वसूल करणाराच, पण क्लोरेटपेक्षां सफाईदार. मात्र प्लॅटिनमच्या ह्या क्षारांनीं कांहीं लोकांस दम्यासारखा विकार जडतो. हातमोजे अवश्य घालावेत, भुकटी उडूं देऊं नये, आणि स्वयंपाकघरांतील भांडें ह्या कामीं मुळींच घेऊं नये.

आम्ही शेवटीं हाच उपाय पत्करला. कांच व कागद ह्यांमध्यें ओल लागूं नये म्हणून पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा घातला. एका थेंबाच्या तीन निरनिराळ्या तीव्रता घेऊन कागदाच्या पट्ट्यांवर चाचणी केली. सर्वांत सौम्य थेंबानें भिंत स्वच्छ झाली, पण चेहरा अजून मागेंच होता. मधल्या थेंबानें चेहरा पुढें आला. कपाळावरचें कुंकू, नथीची वळी, खालच्या ओंठाची घडी दिसूं लागली. पण दाराआडचें जातें गेलें. तेथें नुसता काळोख उरला. सर्वांत तीव्र थेंबानें चेहऱ्याची सुद्धां हाडें दिसूं लागलीं. पंचविशींतली बाई पन्नाशींतली भासूं लागली.

आमचा पुतण्या कम्प्यूटरचा जाणकार आहे. तो म्हणाला, "काका, एवढा खटाटोप कशाला? कांच स्कॅन करून देतों. चेहरा उजळतों, दारही ठेवतों, आणि नवी निगेटिव्ह फिल्मवर छापून देतों. तिच्यावरून तुम्ही हव्या तितक्या पॅलेडियमच्या प्रती काढा."

त्याचें म्हणणें सर्वथा योग्य होतें. आज पुष्कळ नामवंत कारागीर असेंच करतात, आणि आर्व्हिंग पेन ह्यानें गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत ही कला पुनरुज्जीवित केली तेव्हां तोही एकाच कागदावर अनेकदां द्रावण लावून, अनेकदां छापून छटांचें असेंच संगोपन करी. आम्हीं पुतण्याकडून स्कॅन करून घेतलें. कांच फुटली तरी आजी हरवूं नये, ह्यासाठीं तें आधींच करावयास हवें होतें. परंतु आत्यासाठीं प्रत काढावयाची ती मूळ कांचेवरूनच, हा आमचा आग्रह राहिला. त्याचें कारण शास्त्रीय नाहीं. १९३५ सालीं आजीच्या अंगावरून निघालेला उजेड त्या कांचेवर पडला होता. त्याच कांचेंतून आजचा उजेड जावा आणि आत्याच्या हातांतील कागदावर पडावा, एवढीच इच्छा. पुतण्या हंसला, पण कागद सुकवावयास तोच बसला.

प्रश्न उरला तो, कोणती प्रत द्यावी? आमच्या डोळ्यांस मऊ प्रत अधिक आवडत होती. तिच्यांत घर होतें. दार, जातें, पडवीचा ओलसर उजेड होता; आजी त्या घरांतली वाटत होती. उठावाच्या प्रतींत ती घरांतून निघून पुढें येऊन बसल्यासारखी वाटे. पण आत्याचे डोळे आमचे नव्हेत. मोतीबिंदूचीं शस्त्रक्रिया होऊन बरींच वर्षें झालीं, चश्मा आहे, तरीही वय वाढतें तशी डोळ्यांची छटा ओळखण्याची शक्ति कमी होते, हें वैद्यकशास्त्रास ठाऊक आहे. अक्षर मोठें असून फिकें असलें तर म्हाताऱ्या माणसास वाचवत नाहीं. लहान पण काळेंभोर असेल तर वाचवतें. ज्या मऊपणावर आम्ही लुब्ध झालों होतों, तो तिच्या दृष्टीस नुसतें धुकें होता.

आम्हीं दोन्ही प्रती नेल्या. मऊ प्रत प्रथम हातीं दिली. तिनें खिडकीशीं नेऊन, जवळ धरून, लांब धरून पाहिली आणि म्हणाली, "कोणीतरी बसलें आहे एवढें कळतें." मग उठावाची प्रत दिली. आत्या बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. नंतर म्हणाली, "डोळे अगदीं दादाचे आहेत रे! इतकीं वर्षें दादा समोर होता आणि मला ठाऊकच नव्हतें." दादा म्हणजे आमचे वडील. त्यांस जाऊनही बरींच वर्षें झालीं.

थोड्या वेळानें तिनें विचारलें, "मागें काय आहे? हें काळें काय?"

आम्हीं सांगितलें, "दार आहे. त्याच्याआड जातें आहे. ह्यांत नाहीं दिसत, त्या पहिल्यांत दिसतें."

"जातें पडवीच्या दाराआडच होतें," ती म्हणाली. "फोटोंत आहे हें मात्र कधीं लक्षांत आलें नव्हतें. ही माझ्याजवळ राहूं दे. ती दुसरी मुलांना दे. त्यांचे डोळे चांगले आहेत."

दोन्ही प्रतींची अशी वांटणी झाली. तीव्र थेंबाची प्रत आम्हीं कोणास दाखविली नाहीं. कांच पुन्हां पाकिटांत घालून ठेवली. तिच्यावरून आणखी प्रत काढावयाची नाहीं असें ठरविलें आहे. पुढें लागेल तेव्हां पुतण्याची नवी निगेटिव्ह आहेच.

खरें चित्र कोणतें, असा प्रश्न पुतण्याच्या मुलीनें विचारला. तिला आम्हीं सांगितलें कीं दोन्हीं खरीं. कांचेवर जें उमटलें होतें तेंच दोहोंत आहे. एकांत आजी अधिक, दुसऱ्यांत घर अधिक. कागदाची झेप ठराविक असते आणि निगेटिव्ह विरळ असली कीं एकास पुढें आणतांना दुसरें मागें जातेंच. हर्टर व ड्रिफील्ड ह्यांनीं सांगितलें तें हेंच. परंतु कोणास पुढें आणावयाचें, आणि कोणाच्या डोळ्यांसाठीं, हें कोणत्याही मोजपट्टीवर लिहिलेलें नसतें. एमर्सनला हें सांगावयास कोणी आत्या भेटली नाहीं, एवढेंच.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशीं, जुन्या ट्रंकेंत अशा कांचा असतील. त्यांच्याविषयीं दोन शब्द सांगून हा लेख पुरा करतों. कांच नेहमीं कडांना धरावी. मंद, मळकट दिसणारी बाजू चित्राची. तिला ओलें फडकें कधींही लावूं नये, पाण्यानें धुवूं नये. प्रत्येक कांच साध्या कागदी पाकिटांत घालून उभी ठेवावी. एकीवर एक रचल्यास खालच्या फुटतात. पावसाळ्यांत ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावी. आधीं तिची नक्कल करून घ्यावी आणि मग काय तो हौसेचा उद्योग करावा. पाकिटावर कांहीं लिहिलेलें असल्यास तें पाकीट फेंकूं नये. आमच्या कांचेची ओळख पटली ती त्या दोन मोडी शब्दांवरूनच. आणि घरांत ज्यांना त्या चेहऱ्यांचीं नांवें ठाऊक आहेत अशीं वडील माणसें असतील, तर हें काम पुढच्या सुट्टीवर टाकूं नये. प्रत काढतांना ती फार मऊ होते कीं फार कडक, हें त्यांनाच विचारावें.